सातारा हाफला सात आठवडे आणि उजवा गुडघा बाहेरून दुखतोय: पळू की नको?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की वय ३९, पुण्यात असता, तीन वर्षं पळताय, सपाटीवरच्या दोन हाफ मॅरेथॉन (२१ किमी) झाल्यात आणि यंदा पहिल्यांदाच सातारा हिल हाफला नाव दिलंय, सात आठवडे उरलेत. उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सहाव्या किलोमीटरच्या आसपास दुखायला लागतं, थांबलं की दहा मिनिटांत जातं, जिना चढताना काही नाही पण उतरताना टोचतं. एमआरआय काढला, रिपोर्ट नॉर्मल. तीन आठवडे पूर्ण विश्रांती घेतली, रोज फोम रोलर (स्नायूंवर फिरवायचा फोमचा लोड) फिरवला, परत पळायला गेलात आणि सातव्या किलोमीटरला पुन्हा तेच. आणि शेवटी विचारलंय, सकाळी एक पेनकिलर घेऊन पळालो तर २१ किमी निघतील का.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सोळा वर्षं झाली, निम्म्याहून जास्त पेशंट पळणारेच असतात आणि मी स्वतःही पळते. त्यामुळे जे लिहितेय ते थोडं क्लिनिकमधलं आणि थोडं रस्त्यावरचं आहे.

आधी एक गोष्ट. तुम्ही विचारताय २१ किमी निघतील का, पण तुमच्या बाबतीत खरा प्रश्न तो नाहीये. साताऱ्याची हाफ म्हणजे गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. म्हणजे ढोबळमानाने पहिला अर्धा चढ आणि दुसरा अर्धा उतार. तुमचा गुडघा चढताना दुखत नाही, उतरताना दुखतो. तेव्हा तुम्ही वर अगदी आरामात पोचाल, कदाचित ग्रुपमधल्या बऱ्याच जणांच्या आधी पोचाल, आणि सगळा हिशोब परतीच्या वाटेवर होईल. म्हणून प्रश्न असा विचारा: हा गुडघा सात आठवड्यांत मला दहा किलोमीटर उतरवून खाली आणू शकेल का, आणि ते मला शर्यतीच्या आधी कसं कळेल? याचं उत्तर देता येतं. "निघतील का" याचं कोणीच देऊ शकत नाही.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते. मी तुमचा गुडघा हातात घेऊन बघितलेला नाही. तुम्ही लिहिलेलं वर्णन आयटी बँडच्या, म्हणजे मांडीच्या बाहेरच्या पट्ट्याच्या दुखण्याशी जवळजवळ तंतोतंत जुळतं: बाहेरची बाजू, ठराविक अंतरानंतर सुरू होणं, थांबलं की जाणं, उतारावर वाढणं. पण बाहेरच्या बाजूला दुसऱ्या गोष्टीही दुखतात. गुडघ्याला सूज येत असेल, मध्येच अडकत असेल, उकिडवं बसून उठताना आत कळ येत असेल तर बाहेरच्या गादीचा म्हणजे मेनिस्कसचा विचार करावा लागतो, एमआरआय नॉर्मल असल्यामुळे तुमच्यात ती शक्यता कमी आहे एवढंच. रात्री झोपेत दुखत असेल, हाडावर एका बोटाने दाबल्यावर कळ येत असेल, एका पायावर उडी मारता येत नसेल तर हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने पडलेली बारीक चीर, नाही ना हे आधी बघायचं. यातलं काहीही असेल तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी ऑर्थोपेडिककडे किंवा चांगल्या फिजिओकडे प्रत्यक्ष जा. कमरेतून पायात येणारी कळही कधीकधी तिथेच जाणवते, ती बसून बसून वाढते, पळून नाही.

एमआरआय नॉर्मल आला म्हणजे दुखणं मनाचं आहे असं अजिबात नाही. आयटी बँड म्हणजे खुब्यापासून मांडीच्या बाहेरच्या अंगाने खाली येणारा जाड पट्टा, गुडघा ओलांडून नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला बाहेरून जोडलेला. वर तो खुब्याच्या पुढच्या लहान स्नायूला आणि मागच्या मोठ्या ग्लूट म्हणजे नितंबाच्या स्नायूला जोडलेला असतो, म्हणजे याचा ताण खुब्याकडून येतो आणि दुखणं गुडघ्याला होतं. गुडघा साधारण ३० अंशात वाकलेला असताना हा पट्टा मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर घट्ट दाबला जातो. पूर्वी असं समजायचे की पट्टा तिथे पुढेमागे घासतो, आता बरेच जण असं मानतात की घासण्यापेक्षा त्याच्याखालची नसांनी भरलेली चरबीची मऊ गादी दाबली जाऊन चिडते. तुमच्यासाठी फरक इतकाच की हे दुखणं फाटण्यातुटण्याचं नाही, मोजून ठराविक वेळा दाब पडला की चिडण्याचं आहे. म्हणूनच पाच किलोमीटर काही नाही आणि सहाव्याला अचानक.

आणि म्हणूनच विश्रांतीने ते बसलं आणि पळाल्यावर परत आलं. तीन आठवडे काहीच दाब नव्हता, गादी शांत झाली, पण ज्या कारणाने ती दाबली जात होती ते कारण तसंच राहिलं, उलट तीन आठवड्यांत खुब्याचे आणि मांडीचे स्नायू थोडे ढिलेच पडले. फोम रोलरचंही तसंच. तो पट्टा इतका चिवट असतो की रोलरवर कितीही लोळलात तरी त्याची लांबी वाढत नाही. मांडीच्या आणि खुब्याच्या स्नायूंवर फिरवला तर तासाभरासाठी बरं वाटतं, ते घ्या, पण गुडघ्याजवळ जिथे दुखतं बरोब्बर त्या ठिकाणी रोलर दाबू नका. जी गोष्ट दाबल्यामुळे चिडलीय तिला आणखी दाबून काय मिळणार?

उतार का वाईट ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. उतारावर पाय टेकताना गुडघा कमी वाकलेला असतो, म्हणजे तो नेमका त्या ३० अंशाच्या आसपासच्या टप्प्यात जास्त वेळ राहतो. त्यात मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेक मारत असतो, आणि तो थकला की गुडघा आत पडायला लागतो आणि बाहेरचा पट्टा आणखी ताणला जातो. जरा हिशोब करा. दहा किलोमीटर उतार, किलोमीटरला साडेसहा मिनिटं या पेसने म्हणजे वेगाने ६५ मिनिटं, मिनिटाला १६५ पावलं धरली तर जवळजवळ पावणेअकरा हजार पावलं, म्हणजे एकट्या उजव्या पायावर पाच हजारांच्या वर. सपाटीवर सहा किलोमीटरला म्हणजे साधारण तीन हजार पावलांना जो पाय तक्रार करतोय त्याला, आधीच दहा किलोमीटर चढून थकल्यावर, तुम्ही हे करायला सांगणार आहात.

माझ्याच बाबतीत झालेलं सांगते. सात-आठ वर्षांपूर्वी मला हेच दुखणं होतं, डाव्या बाजूला. कात्रजच्या जुन्या घाटात ग्रुपबरोबर लाँग रनला गेले, चढताना इतकं छान वाटलं की मी मनाशी ठरवूनच टाकलं की बरं झालं. उतरायला लागल्यावर तिसऱ्या वळणाला बाहेरून सुई टोचल्यासारखं झालं, मी म्हटलं जाईल, वेग कमी केला. वेग कमी केल्यावर आणखी दुखायला लागलं, ते मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं, हळूहळू ब्रेक मारत उतरणं हाच या दुखण्याला सगळ्यात वाईट प्रकार. दोन किलोमीटर तशीच लंगडत उतरले. खाली पोचल्यावर सरळ पायाने चालता येत होतं पण गुडघा वाकवला की डोळ्यात पाणी. त्या दोन किलोमीटरसाठी माझे अकरा आठवडे गेले. टोचलं त्याच वळणावर थांबून कोणाच्या तरी गाडीतून खाली आले असते तर पंधरा दिवसांत परत पळाले असते याची मला आज खात्री आहे.

म्हणून पहिला नियम दुखण्याचा. वाटीभोवतीचं किंवा टाचेच्या शिरेचं दुखणं असेल तर मी पेशंटला सांगते की दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तरी पळत राहा, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसलं म्हणजे झालं. आयटी बँडला मी ही सूट देत नाही. हे एकदा सुरू झालं की किलोमीटरभरात दोनाचं सात होतं. तुमचं दुखणं सहाव्या किलोमीटरला सुरू होतं, तर पुढचे दोन आठवडे तुमची प्रत्येक धाव चार किलोमीटरला संपणार, दुखत नसलं तरी संपणार. ज्यांना पळायची सवय आहे त्यांना हे सगळ्यात अवघड जातं हे मला माहितीये, चौथ्या किलोमीटरला तर अंग आत्ता कुठे तापलेलं असतं. पण आठवड्यात तीनदा सहा-सात पळून प्रत्येक वेळी दुखवून घेण्यापेक्षा पाचदा चार किलोमीटर न दुखता पळा, बेरीज तेवढीच होते आणि गादीला शांत व्हायला वाव मिळतो.

दम टिकवायची काळजी करू नका, त्याला साताऱ्यासाठी फार सोपा उपाय आहे. सोसायटीचा जिना. तुम्हाला चढताना दुखत नाही ना, मग जिन्याने वर जा आणि लिफ्टने खाली या, पुन्हा वर. अकरा मजले असतील तर आठ फेऱ्या म्हणजे चांगलाच घाम निघतो आणि गुडघ्याला उतार लागतच नाही. जिममध्ये ट्रेडमिल असेल तर आठ-दहा टक्के चढावर झपाझप चालणं, ४० मिनिटं, दांडा न धरता. सायकलचं जरा जपून, गुडघा पुन्हा पुन्हा त्याच कोनातून जातो म्हणून काही जणांना सायकलवरही टोचतं, नसेल टोचत तर चालवा.

आता पळण्याच्या पद्धतीतल्या दोन गोष्टी, दोन्ही फुकटच्या आणि दोन्हींचा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवतो. एक, पावलांची गती. घड्याळात बघा तुमची मिनिटाला किती पावलं पडतात. १६० च्या आसपास असतील तर पेस तोच ठेवून १६८-१७० करा, म्हणजे पाच-सहा टक्के वाढ, मोबाईलवर मेट्रोनोम लावा आणि त्याच्या टिकटिकीवर पाय टाका. पाऊल आपोआप छोटं होतं, पाय शरीराच्या पुढे न पडता खाली पडतो आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो. एकदम १८० वर उडी मारू नका, पोटऱ्या धरतील. दोन, पावलांमधलं अंतर. बरेच जण पळताना पाय एकाच रेषेत टाकतात, दोरीवरून चालल्यासारखे, काहींचे तर एकमेकांना ओलांडून पडतात, आणि त्यामुळे बाहेरचा पट्टा ताणला जातो. रस्त्यावर पांढरा पट्टा असतो ना, पहाटे रिकाम्या रस्त्यावर त्याच्यावरून पळा, उजवा पाय उजवीकडे, डावा डावीकडे, पट्ट्यावर कुठलाच नाही. घरच्या कोणाला तरी मागून व्हिडिओ काढायला सांगा, वीस सेकंदांचा पुरतो, तुमचं तुम्हालाच दिसेल.

रस्त्यावरून आठवलं, तुम्ही कुठल्या बाजूने पळता? आपल्याकडे समोरून येणाऱ्या गाड्या दिसाव्यात म्हणून शहाणे लोक उजव्या कडेने पळतात, ते बरोबरच आहे. पण रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, म्हणजे रोज उजव्या कडेने पळणाऱ्याचा उजवा पाय रोज खालच्या बाजूला पडतो. माझ्याकडे येणाऱ्या आयटी बँडवाल्यांमध्ये खालच्या बाजूचा पाय दुखणारे मी भरपूर बघितलेत. गाड्या नसतील तिथे मधून पळा, नाहीतर सपाट ग्राउंडवर जा, आणि ग्राउंडवर गेलात तर एक दिवस घड्याळाच्या दिशेने आणि एक दिवस उलट. तीन वर्षं एकाच बाजूने गोल फिरलेले पाय असतात लोकांचे!

ताकदीचं बोलू. यूट्यूबवर पंधरा व्यायाम सापडतील, तुम्हाला चार पुरेत पण ते मनापासून करा. माझ्या क्लिनिकमध्ये एक लाकडी पायरी आहे, २० सेंटीमीटरची, प्रत्येक पळणाऱ्याला मी पहिल्या दिवशी तिच्यावर उभं करते. दुखणाऱ्या पायावर उभं राहायचं, दुसरा पाय पुढे हवेत, आणि उभ्या पायाचा गुडघा वाकवत हवेतली टाच जमिनीला हलकेच टेकवून परत वर. समोर आरसा. पहिली चार छान होतात, मग बघा, गुडघ्याची वाटी पायाच्या अंगठ्याच्या आत सरकायला लागते, कंबर दुसऱ्या बाजूला पडते आणि हात आपोआप भिंत शोधायला लागतो. हेच यवतेश्वरच्या उतारावर पाच हजार वेळा होणार असतं. तुम्ही घरी जिन्याच्या खालच्या पायरीवर हे करा, आधी दहा-बारा सेंटीमीटरपासून, लाकडी पाट असेल तर पाटावर, तीन सेकंद मोजत खाली, वाटी दुसऱ्या बोटाच्या रेषेत. न दुखता तीन वेळा दहा जमले की उंची वाढवायची. याच्या जोडीला कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, पण पाय किंचित मागे ठेवून आणि टाच आधी वर, नाहीतर खुब्याच्या पुढचाच स्नायू सगळं काम करतो आणि तो आधीच तणावात आहे. मग साइड प्लँक, म्हणजे कुशीवर कोपर टेकून अंग सरळ उचलून धरणं, दोन्ही बाजू. आणि एका पायावर वाकून हातात वजन घेऊन उठणं, पाठ सरळ. आठवड्यातून तीन दिवस, दोन्ही पायांना, दुखत नसलेल्या पायालाही.

इथे प्रामाणिकपणे सांगते, खरी ताकद वाढायला सहा-आठ आठवडे लागतात आणि तुमच्याकडे सातच आहेत. म्हणजे व्यायाम आज सुरू केला तर तो शर्यतीपर्यंत जेमतेम कामाला येईल, पुढच्या रविवारी सुरू केला तर येणार नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून, पहिले दोन न दुखता गेले असतील तरच, अंतर वाढवायचं आणि उताराची ओळख करून द्यायची. सपाटीवर ४ चे ५, मग ६, ८, एक दिवसाआड. उतारासाठी आधी छोटा चढ शोधा, टेकडीचा डांबरी रस्ता, फ्लायओव्हर, २०० मीटरचा पुरतो. चढताना चाला, उतरताना पळा, पहिल्या दिवशी सहा वेळा, बस. चौथ्या आठवड्यात दहा-बारा वेळा. पाचव्यात पुण्याजवळचा बोपदेव घाट. उतारावर पळायची पद्धत अशी की पावलं छोटी आणि पटापट, अंग मागे टाकायचं नाही, टाचेने ब्रेक मारायचे नाहीत, घोट्यातून किंचित पुढे झुकून उताराला सोबत घेऊन जायचं. घाबरून हळू उतरू नका, वेडं होऊन सुटूही नका, मधली एक गती असते, दोन-तीन वेळा केल्यावर सापडते. उताराचा सराव करायचं आणखी एक कारण आहे. मांडीचा स्नायू एकदा नीट उतार खाऊन दुखला की पुढचे काही आठवडे त्याच उताराला तो खूपच कमी दुखतो, शरीर त्यातून शिकतं. म्हणून साताऱ्याचा पहिला मोठा उतार साताऱ्यात नको, त्याआधी दोन-तीन तरी झालेले हवेत, आणि शेवटचा मोठा दहा-बारा दिवस आधी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, निर्णय. शर्यतीच्या आदल्या रात्री साताऱ्याच्या हॉटेलमध्ये बिब म्हणजे छातीवर लावायचा नंबर समोर ठेवून कोणीही खरा निर्णय घेऊ शकत नाही, मीही नाही. फी भरलीय, ग्रुपचे टीशर्ट आलेत, व्हॉट्सअॅपवर फोटो पडताहेत, त्या वेळी गुडघा नेहमीच "बरा वाटतोय". म्हणून निर्णयाची तारीख आजच ठरवा: पाचव्या आठवड्याच्या शेवटी येणारा रविवार, शर्यतीच्या दोन आठवडे आधी. त्या दिवशी बोपदेव चढायचा, पूर्ण उतरायचा, आणि खाली आल्यावर न थांबता आणखी चार-पाच किलोमीटर, एकूण १३-१४. पेनकिलर नाही, आदल्या दिवशीही नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी जिना उतरून बघायचा.

काहीच दुखलं नाही, सोमवारी जिनाही साफ, तर जा, पळा. घाट उतरताना काही नाही पण शेवटच्या किलोमीटर-दोन किलोमीटरला थोडं जाणवलं आणि थांबल्यावर लगेच गेलं, जिन्याला काही नाही, तर जा पण पळण्या-चालण्याचं वेळापत्रक घेऊन जा, उतारावर चार मिनिटं पळणं एक मिनिट झपझप चालणं, आणि ते पहिल्यापासून, दुखायला लागल्यावर नाही. दुखल्यावर चालण्याला उपचार म्हणत नाहीत, तोवर उशीर झालेला असतो. आणि घाटातच टोचलं किंवा सोमवारी जिना उतरताना कठडा धरावा लागला, तर यंदा नको. साताऱ्याला जरूर जा, मित्रांना पाणी द्या, सप्टेंबरात कास फुललेलं असतं ते बघून या, पण बिब लावू नका. हे तिन्ही आज एका कागदावर लिहा आणि घरातल्या अशा माणसाला द्या जो तुम्हाला त्याची आठवण करून द्यायला कचरणार नाही.

पेनकिलरबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या शर्यतीच्या आधी घेऊ नका. कॉम्बिफ्लॅममध्येही आयबुप्रोफेनच असतं, लोकांना ती साधी तापाची गोळी वाटते. लांब पळताना घामाने पाणी कमी होतं, रक्त स्नायूंकडे वळलेलं असतं आणि किडनीचा रक्तपुरवठा शरीर कसाबसा सांभाळत असतं, ज्या रसायनांच्या जोरावर ते सांभाळतं तीच या गोळ्या बंद करतात. पोटाला त्रास होतो तो वेगळाच. बीपीची गोळी चालू असेल, शुगर असेल तर आणखी जपायला हवं. आणि हे सगळं सोडून दिलं तरी तुमच्या गुडघ्याकडे तुम्हाला "आता थांब" म्हणून सांगायला ते टोचणं हे एकच साधन आहे. वर चढून गेल्यावर, दहा किलोमीटर उतार समोर असताना, ते साधन बंद पाडून तुम्ही कशाच्या भरवशावर उतरणार? कोणी इंजेक्शन देऊन पळवायला तयार असेल तर त्यालाही माझं हेच उत्तर आहे. इंजेक्शनचा उपयोग चिडलेली जागा शांत करून व्यायाम सुरू करायला कधीकधी होतो, तो तुमच्या डॉक्टरांचा निर्णय, पण शर्यत काढायला म्हणून ते घेऊ नये असं माझं मत आहे.

टेप, पट्टा, नी-कॅप यांचं विचारतीलच कोणीतरी. गुडघ्याच्या वर बांधायचा आयटी बँडचा पट्टा काही जणांना खरंच बरा वाटतो, सरावात वापरून बघितला असेल तर शर्यतीत वापरा. रंगीत टेपने ताकद येत नाही. नी-कॅपचा या दुखण्यात फारसा उपयोग मी बघितलेला नाही. बूट आता बदलू नका, पण सातशे-आठशे किलोमीटर झालेले असतील तर मात्र आजच बदला, शेवटच्या आठवड्यात नाही.

समजा तुम्ही जाताय. तर चढ पूर्ण पळायचा नाही. तुम्हाला चढताना दुखत नाही म्हणून तिथे वेळ कमवायचा मोह होईल, आणि तुम्ही जितक्या ताज्या मांड्या वर घेऊन जाल तितका गुडघा खाली येताना सांभाळला जाईल. तीव्र वळणांवर चाला, गुडघ्यावर हात टेकून चाला, काही बिघडत नाही. वर वळायच्या जागी दहा सेकंद थांबा, उजव्या पायावर पाच वेळा हळूच वाका. टोचलं तर तिथेच थांबा, स्वयंसेवकांना सांगा, गाडीने खाली या. कारण ती जागा थांबायला सगळ्यात चांगली आहे, घाटाच्या मध्ये नाही. उतरताना हेअरपिन वळणाची आतली बाजू धरू नका, ती फार उतरती असते, बाहेरून जा, चार पावलं जास्त पडली तरी चालतील. पाऊस असतोच, रंगवलेल्या पट्ट्यांवर आणि कडेच्या शेवाळावर पाय टाकू नका, एकदा पाय सरकला की सावरताना गुडघ्याला जो झटका बसतो तो सात आठवड्यांची मेहनत घालवतो. आणि वेळेचं लक्ष्य ठेवूच नका यंदा. घड्याळात पेसचं पान बंद करा आणि पावलांची गती दाखवणारं पान लावा.

तुम्ही शेवटी लिहिलंय की चाळिशीच्या आत ही एक गोष्ट करायचीच आहे. ते वाचून बरं वाटलं आणि जरा काळजीही वाटली. घाट तिथेच असणार आहे, दर वर्षी. मी ज्यांना एक वर्ष थांबवलं त्यातले बरेच जण पुढच्या वर्षी गेले, आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यातले काही जण दोन-दोन वर्षं रस्त्यावर दिसले नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून इतकं लांबलचक लिहितेय.

आजपासून दोन आठवडे एक वही ठेवा. रोज चार गोष्टी: किती किलोमीटर, पावलांची गती किती, कुठे आणि दहापैकी किती दुखलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना कसा. मागून काढलेला व्हिडिओही ठेवा. दोन आठवड्यांनी ते आकडे इथे लिहा, तिसऱ्या आठवड्यात उतार सुरू करायचा की आणखी थांबायचं ते त्यावरून मी सांगते.